सिसिलीच्या घरचा स्वयंपाक शिकायचाय? सुरुवात कुठून करायची

लग्न होऊन इटलीतल्या सिसिली बेटावर, पालेर्मोला आले तेव्हा सिसिलीच्या जेवणाबद्दल माझी समजूत एका ओळीत मावणारी होती: पास्ता, टोमॅटो, चीज. पहिल्याच रविवारी सासूबाईंनी जो पास्ता वाढला त्यात टोमॅटो नव्हता आणि चीजही नव्हतं. त्यात मासे होते, बेदाणे होते, केशर होतं, रानबडीशेपेचा हिरवागार पाला होता, आणि वरून खरपूस भाजलेला पावाचा चुरा भुरभुरला होता. मी कृती विचारली. उत्तर मिळालं, "क्वांतो बास्ता." म्हणजे पुरेल तेवढं. किती वेळ शिजवायचं? "आ ओक्यो." म्हणजे नजरेने. आईचं "अंदाजाने घाल गं" आणि हे, यांत तसूभर फरक नव्हता.

पण आईचा अंदाज मी लहानपणापासून ओट्याशी उभी राहून पाहिलेला होता. हा मला परका होता. तो हाती यायला तीन वर्षं लागली, आणि त्यातलं दीड वर्ष चुकीच्या क्रमाने शिकण्यात गेलं. तुमचं ते दीड वर्ष वाचावं म्हणून हे सगळं लिहिते आहे. लग्न, शिक्षण किंवा नोकरीसाठी सिसिलीत आलेल्यांना तर हे उपयोगी पडेलच, पण पुण्यात किंवा सांगलीत राहून हे जेवण नीट करून पाहायचं असेल त्यांनाही पडेल.

## १. घर बेटाच्या कुठल्या टोकाचं, ते आधी विचारा

इथे घरात कुणी "सिसिलियन स्वयंपाक" असं म्हणत नाही, "आमच्याकडचं" म्हणतात. कोल्हापूरचा तांबडा रस्सा आणि मालवणचं तिखलं एकाच नावाखाली घातलं तर दोन्हीकडची माणसं जशी नाराज होतील, तसंच इथेही होतं.

पश्चिमेला, त्रापानीच्या बाजूला, घरी कुस्कुस करतात. रुंद मातीच्या परातीत रवा घेऊन, पाण्याचे शिंतोडे मारत, बोटांनी गोल फिरवत कण वळायचे, वाफवायचे आणि माशांच्या रश्शाबरोबर वाढायचे. पूर्वेला कातानियात तळलेलं वांगं, टोमॅटो, बेसिल आणि वर किसलेलं खारवलेलं रिकोत्ता चीज घातलेला पास्ता होतो. त्याचं नाव नोर्मा, कातानियात जन्मलेल्या बेल्लीनी या संगीतकाराच्या १८३१ सालच्या ऑपेरावरून पडलेलं. दक्षिणेला मोदिकात चॉकलेट असं करतात की साखर त्यात विरघळत नाही, दाताखाली कचकचते. माझं सासर पालेर्मोचं, त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते सगळं पालेर्मोच्या हाताचं आहे. तुमचं घर कातानियाचं असेल तर तिथली माणसं सांगतील तेच खरं माना.

बेदाणे, केशर आणि आंबटगोड चव या जेवणात आली कुठून, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडला होता. ८२७ साली अरब फौजा या बेटावर उतरल्या, ८३१ साली पालेर्मो त्यांच्या ताब्यात गेलं, आणि पुढची दोनशे-अडीचशे वर्षं हे अरबांचं बेट होतं. लिंबूवर्गीय फळं, ऊस, वांगी आणि भात ही सगळी त्या काळाची देणगी. अरबांनंतर नॉर्मन आले. त्यांचा राजा रॉजर दुसरा याच्या दरबारात अल-इद्रीसी या अरब भूगोलकाराने ११५४ साली भूगोल लिहून पुरा केला. त्यात पालेर्मोजवळच्या त्राबिया गावात "इत्रिया" नावाच्या वाळवलेल्या शेवया होतात आणि जहाजं भरभरून परदेशी जातात, अशी नोंद आहे. टोमॅटो त्यानंतर कितीतरी काळाने, स्पॅनिश अमलात अमेरिकेहून आला. एवढं डोक्यात ठेवलं की "पास्त्यात बेदाणे कशाला?" असं विचारावंसं वाटत नाही.

इथे फसायला होतं: पालेर्मोच्या भाजीवाल्याकडे "ब्रोक्कोलो" मागितलात तर तो हिरवा फ्लॉवर देतो. ब्रोकोली हवी असेल तर "स्पाराचेल्लो" म्हणा. भात वळून, आत सारण भरून तळलेला गोळा पालेर्मोत "आरांचीना", स्त्रीलिंगी. कातानियात तोच "आरांचीनो", पुल्लिंगी. ज्यांच्या घरी जेवायला जाल त्यांचं लिंग वापरा.

## २. काय काय जमवायचं

भांडी आणि साधनं

- डिजिटल वजनकाटा. यावर काटकसर करू नका.
- वही. मोबाइलवर लिहू नका, हात तेलकट असतात.
- पाच-सहा लिटरचं उंच पातेलं, पास्ता उकळायला.
- जाड बुडाची पसरट कढई किंवा फ्राइंग पॅन.
- पुरणयंत्र. टोमॅटोची सालं-बिया वेगळ्या करायला इथे जे हातयंत्र वापरतात ते हुबेहूब आपलं पुरणयंत्र आहे. भारतातून आणलंत तरी चालेल, मी आणलं आहे.
- लाकडी उलथनं, मोठी चाळणी, मलमलचं फडकं.

जिन्नस

- *ऑलिव्ह तेल.* पश्चिम सिसिलीत नोचेल्लारा आणि बियान्कोलील्ला या जातींच्या फळांचं तेल मिळतं. तळणीसाठी वेगळं साधं तेल ठेवणारी घरंही पुष्कळ आहेत, त्यात कमीपणा काही नाही.
- *मिठातले केपर,* म्हणजे एका झुडपाच्या मुरवलेल्या कळ्या. पान्तेल्लेरिया बेटाचे सर्वांत चांगले. भारतात बहुधा पाण्यातले मिळतात, तेही चालतात.
- *खारे आँचोवी (छोटे मासे), हिरवे ऑलिव्ह, पाइन नट्स.* पाइन नट्सऐवजी चिलगोजे घेता येतात. ते लांबट असतात, जाडसर तुकडे करा.
- *बारीक काळे बेदाणे.* सांगली-तासगावचे हिरवे बेदाणे इथल्यापेक्षा मोठे आणि गोड, म्हणून काळ्या मनुका चिरून घ्याव्यात.
- *दोनदा दळलेला डुरम गव्हाचा रवा,* इथलं नाव सेमोला रिमाचिनाता. भारतात साध्या रव्याऐवजी बन्सी रवा घ्या, तो डुरम गव्हाचा असतो. मिक्सरमधून आणखी बारीक करून चाळा.
- *वाइनचं पांढरं व्हिनेगर.* चायनीज गाडीवरचं सिंथेटिक व्हिनेगर घातलंत तर पदार्थ गेलाच म्हणून समजा.
- *शिळा पाव.* पांढरा, गोड नसलेला, दोन-तीन दिवसांचा.

रिकोत्त्याऐवजी पनीर वापरू नका. पनीर दूध फाडून करतात, तर रिकोत्ता चीज करून उरलेल्या निवळीतून काढतात. दोघांचा पोत आणि गोडवा पूर्ण वेगळा. इथे तो मेंढीच्या दुधाचा असतो. भारतात गाईच्या दुधाचा मिळाला तर फडक्यात बांधून रात्रभर टांगा, श्रीखंडाला चक्का टांगतो तसा.

## ३. अंदाज मोजून घ्या

या लेखातली सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच आहे. बाकी कृती कुठेही मिळतील, पण तुमच्या घरच्या आजीच्या हाताची कृती तिच्याजवळ उभं राहूनच मिळते, आणि ती लिहून ठेवलेली नसते.

मी सुरुवातीला प्रश्न विचारत असे. किती साखर? किती व्हिनेगर? सासूबाई विचारात पडत, काहीतरी आकडा सांगत, आणि तो चुकीचा निघे. त्या खोटं सांगत नव्हत्या. त्यांच्या हाताला माहीत होतं ते तोंडाला माहीतच नव्हतं. मग मी पद्धत बदलली:

स्वयंपाकाआधी तेलाची बाटली, साखरेचा डबा, व्हिनेगरची बाटली, मिठाचं भांडं, सगळ्यांचं वजन करायचं. त्यांना हवं तसं रांधू द्यायचं, मधे एक शब्द बोलायचा नाही. झाल्यावर पुन्हा वजन. वजाबाकी म्हणजे त्यांचा अंदाज. असं एका पदार्थाला निदान तीनदा करा, कारण वांगी कोवळी असली तर तेल कमी लागतं, टोमॅटो आंबट असले तर साखर जास्त. तीन आकडे शेजारी शेजारी दिसले की कुठली गोष्ट ठरलेली आहे आणि कुठली हंगामावर हलते ते आपोआप कळतं.

"किती?" पेक्षा "थांबायचं कधी?" हे विचारा. याचं उत्तर प्रत्येक आजीला येतं. कांदा "घाम फुटेपर्यंत", चुरा "साधूच्या कफनीच्या रंगाचा होईपर्यंत". इथल्या फ्रान्सिस्कन साधूंची कफनी तपकिरी असते, त्यामुळे तो रंग भगवा समजू नका. मी समजले होते.

घरातली मापं मोजून ठेवा. आमच्याकडे कृतीतला "एक पेला" म्हणजे कॉफीचा छोटा पेला निघाला, ६० मिलिलिटरचा. मी सहा महिने पाण्याचा पेला धरून चालले होते. शब्द सिसिलियन भाषेत सांगितला तर तसाच लिहून घ्या, इटालियनमध्ये बदलू नका. वांग्याला इटालियनमध्ये मेलान्झाना, पण सासूबाईंच्या तोंडी "मिलिन्चाना". पावाचा चुरा "मुद्दिका". तिळाला "जुज्जुलेना", हा शब्द सरळ अरबीतून आलेला. हे शब्द नव्या पिढीच्या तोंडून कमी होत चालले आहेत, माझ्या नवऱ्यालाच निम्मे येत नाहीत. आजेसासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्या तीन-चार गोड पदार्थांच्या कृती त्यांच्याबरोबर गेल्या, कारण प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्या कुणीतरी विचारून ठेवल्या असतील. म्हणून घाई करा.

## ४. पहिला पदार्थ पानेल्ले घ्या

मराठी हाताला यासारखी सोपी सुरुवात नाही, कारण पाटवड्या तुम्हाला येतातच. पानेल्ले म्हणजे हरभऱ्याचं पीठ शिजवून, थापून, कापून तळलेल्या पातळ वड्या. पालेर्मोत त्या तीळ लावलेल्या पावात घालून, वर लिंबू पिळून रस्त्यात उभ्याने खातात. वडापाव आठवल्याशिवाय राहत नाही.

बेसन ५०० ग्रॅम, गार पाणी दीड लिटर, मीठ दोन चमचे, बारीक चिरलेली पार्सली मूठभर. पीठ गार पाण्यातच कालवा, गुठळ्या मोडा, मग गॅसवर ठेवा. पिठलं पेरून करायची सवय असेल तर ती इथे बाजूला ठेवा. मध्यम आचेवर सतत ढवळत वीस-पंचवीस मिनिटं. गोळा कडा सोडायला लागला की पार्सली घाला आणि तेल लावलेल्या ताटाच्या पाठीवर ताबडतोब तीन-चार मिलिमीटर जाडीचं पसरा. दोन मिनिटं उशीर केलात तर ते गोळा धरून बसतं. गार झाल्यावर कापून भरपूर तेलात तळा. फुगून सोनेरी झाल्या की काढा.

इटलीतलं पीठ काबुली हरभऱ्याचं, आपलं बेसन हरभऱ्याच्या डाळीचं, म्हणून चव थोडी वेगळी येते. कच्चट वास राहिला तर कमी शिजलंय. आणि पहिल्या खेपेला हळद, ओवा, मिरची काही घालू नका. मूळ चव जिभेला कळू द्या, मग पुढे तुमची मर्जी.

## ५. कापोनाता: इथे थांबून शिका

हा पदार्थ आला म्हणजे निम्मी पालेर्मो आली. तळलेलं वांगं, सेलरी, कांदा, ऑलिव्ह, केपर, टोमॅटो, आणि त्यावर व्हिनेगर-साखरेचं आंबटगोड, ज्याला आग्रोदोल्चे म्हणतात. चिंच-गुळाच्या आमटीवर वाढलेल्या माणसाला हे तत्त्व समजावून सांगावं लागत नाही. आंबट आणि गोड यांतलं कुठलंच वेगळं ओळखू येता कामा नये.

आमच्या घरचं, सहा माणसांचं प्रमाण, तीन वजाबाक्यांनंतर ठरलेलं:

- वांगी १ किलो (भारतात भरताची, कमी बियांची)
- सेलरीच्या आतल्या कोवळ्या दांड्या ३०० ग्रॅम
- कांदा १ मोठा
- हिरवे ऑलिव्ह, बिया काढून, १५० ग्रॅम
- केपर ५० ग्रॅम
- टोमॅटोचा गाळलेला रस ३०० ग्रॅम
- व्हिनेगर ६० मिलिलिटर
- साखर ४० ग्रॅम
- तळायला तेल, शेवटी बेसिलची पानं

क. केपर आदल्या रात्री पाण्यात भिजत घाला, पाणी दोनदा बदला. मी पहिल्यांदा डब्यातून थेट घातले होते. मिठाने तोंड आकसलं आणि सगळं टाकावं लागलं. वर वेगळं मीठ घालायचंच नाही, शेवटी चाखून ठरवायचं.

ख. वांग्याचे दोन-अडीच सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे करून मीठ लावून चाळणीत तासभर ठेवा, वर वजन. सुटलेलं पाणी टाका, तुकडे धुऊन फडक्याने खरंच कोरडे करा. ओले राहिले तर तेल उडतं आणि वांगं तळलं जाण्याऐवजी उकडलं जातं.

ग. भरपूर गरम तेलात थोडे थोडे तळा. एकदम घातले की तेल गार होतं आणि वांगं ते पिऊन टाकतं. रंग गडद तपकिरी हवा. तेल कमी खायचं म्हणून ओव्हनमध्ये भाजणारे आहेत, पण तो वेगळा पदार्थ आहे.

घ. सेलरी चिरून उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं टाकून काढा. करकरीत राहिली पाहिजे, मऊ वांग्यात दाताला काहीतरी लागायला हवं ते हेच.

ङ. ऑलिव्ह तेलात कांदा मंद आचेवर पारदर्शक करा, लाल नाही. त्यात सेलरी, ऑलिव्ह, केपर, मग टोमॅटोचा रस. दहा मिनिटं आटवा.

च. साखर व्हिनेगरमध्ये विरघळवून घाला आणि आच मोठी करा. नाकाला झोंबणारी वाफ निघून जाईपर्यंत, दोन-तीन मिनिटं. मग वांगं घालून उलथन्याने हलक्या हाताने एकत्र करा, पाच मिनिटांत बंद करा.

छ. आता झाका आणि उद्यापर्यंत विसरा. हे सर्वांत कठीण. मी पहिल्यांदा कापोनाता केली तेव्हा चुलीवरून उतरवून वाफाळती टेबलावर आणली. सासूबाईंनी काही न बोलता ताटली उचलली, झाकण घातलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हाला वाढली. गरम असताना व्हिनेगर, साखर आणि टोमॅटो सुटे सुटे लागतात, रात्रभरात ते मुरतं. फ्रिजमधून काढली तर तासभर बाहेर ठेवून मगच वाढा.

घरोघरचे भेद: कातानियाकडे ढोबळी मिरची घालतात, काही घरी बेदाणे आणि पाइन नट्स. आमच्याकडे नाही. वाद घालू नका.

## ६. मुद्दिका, आणि तिच्यासोबत फ्लॉवरचा पास्ता

शिळा पाव किसा. पॅनमध्ये १०० ग्रॅम चुऱ्याला दोन चमचे ऑलिव्ह तेल, मंद आच, हात थांबवायचा नाही. सहा-सात मिनिटांत रंग बदलायला लागतो आणि त्यानंतर अर्ध्या मिनिटात जळतो. म्हणून रंग आला की लगेच दुसऱ्या थाळीत काढा, तापलेल्या पॅनमध्ये ठेवू नका. ज्यांना चीज परवडत नव्हतं त्यांच्या ताटातली ही मुद्दिका, आज सगळ्यांच्या ताटात आहे. डब्यात आठवडाभर टिकते.

ती घालायचा सोपा पास्ता हिवाळ्यातला, "वृओक्कुली आर्रिमिनाती", म्हणजे ढवळलेला फ्लॉवर. फ्लॉवर मिठाच्या पाण्यात मऊ उकडा, पाणी टाकू नका, पास्ता त्याच पाण्यात शिजवायचा आहे. तेलात कांदा, दोन आँचोवी विरघळवून, बेदाणे, पाइन नट्स, कोमट पाण्यात भिजवलेलं केशर, मग फ्लॉवर घालून तो मोडून लगदा होईपर्यंत ढवळा. शाकाहारी असाल तर आँचोवी वगळून केपर थोडे जास्त घ्या. पास्ता कालवून पाच मिनिटं झाकून ठेवा आणि वर मुद्दिका.

पास्त्याचं पाणी: १०० ग्रॅमला एक लिटर, लिटरला दहा ग्रॅम मीठ. त्यात तेल घालायचं नाही.

## ७. तारली मिळाली तर

पहिल्या रविवारचा तो पास्ता हाच: पास्ता कोन ले सार्दे. वसंत ऋतूत रानबडीशेप कोवळी असते आणि सार्डीन बाजारात येतात, तेव्हाचा. १९ मार्चला सेंट जोसेफच्या दिवशी पुष्कळ घरी असतोच. सार्डीन म्हणजे आपल्या कोकणातल्या तारलीची नातेवाईक. तारली अधिक तेलकट असते, म्हणून तेल थोडं कमी घ्या.

चार जणांसाठी पोकळ जाड शेवयांचा पास्ता, बुकातीनी, ३५० ग्रॅम. डोकं, पोट आणि मधला काटा काढून साफ केलेली तारली ५०० ग्रॅम. रानबडीशेपेचा पाला ३०० ग्रॅम. बेदाणे आणि पाइन नट्स तीस-तीस ग्रॅम, आँचोवी चार, कांदा एक, केशर चिमूट.

पाला उकळा, निथळून चिरा, पाणी राखून ठेवा. कांदा मऊ करून त्यात आँचोवी विरघळवा, मग बेदाणे, पाइन नट्स, केशर, पाला. निम्मे मासे यात घालून मोडू द्या, निम्मे वरून अख्खे मांडून झाकण ठेवून शिजवा. अख्खे मासे बाजूला काढून पास्ता कालवा, मग ते वर ठेवा, आणि मुद्दिका. पास्ता त्या पाल्याच्या पाण्यातच शिजला पाहिजे. हे चुकलं तर सगळं असूनही चव येत नाही, आणि बहुतेक जण इथेच चुकतात.

भारतात रानबडीशेप नाही. शेपू जवळचा दिसतो पण त्याची चव दणदणीत आणि वेगळी, नुसता शेपू घेतलात तर शेपूचीच भाजी होते. कोवळी मेथी नको, कोथिंबीर तर नाहीच. मुंबई-पुण्यात फेनेलचे कंद मिळतात, त्यांचा वरचा पाला घ्या, मूठभर शेपू मिसळा, आणि पाण्यात एक चमचा बडीशेप पुरचुंडीत बांधून उकळा. बरंच जवळ जातं.

यावर चीज घालायचं नाही. कुणी मागितलं तरी.

## ८. उन्हाळ्यात दुधीचा पाला

बाजारात हिरव्या वेलींचे भारे दिसले आणि शेजारी हातभर लांब, फिकट हिरवी फळं, तर थांबा. ते "कुकुत्सा", आपल्या दुधीचाच लांबोडका प्रकार, आणि तो पाला "तेनेरूमी". फळाला इथे फारसा मान नाही. "कशीही कर, कुकुत्सा ती कुकुत्साच" अशी म्हणच आहे. पाल्याला मात्र खूप मान. कोवळी पानं आणि शेंडे धुऊन उकळा, लसूण-टोमॅटोची तेलातली परतणी त्यात घाला, आणि त्याच पातळ रश्शात स्पगेटी तोडून शिजवा. एरवी स्पगेटी तोडणं हे इथे पाप, या एका सूपमध्ये तोडायचीच असते. चाळीस अंशांच्या दुपारी कोमट करून खातात. परसात दुधीचा वेल असेल तर आजच करून बघा.

## ९. सणांचे दिवस वहीत आधी लिहून ठेवा

सगळे देत नाही, एकच सांगते, कारण मला तो दिवस आईच्या घरी घेऊन जातो. १३ डिसेंबर, सेंट लुसी. पालेर्मोत त्या दिवशी पाव आणि पास्ता खात नाहीत. दुष्काळात धान्याचं जहाज बंदराला लागलं, आणि भुकेल्या लोकांनी दळत न बसता गहू तसाच उकडून खाल्ला, अशी कथा सांगतात. म्हणून त्या दिवशी आरांचीने, पानेल्ले, आणि "कुच्चीया".

कुच्चीया म्हणजे अख्खे गहू तीन दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, मंद आचेवर तासन्‌तास शिजवायचे. मग निथळून साखर घातलेल्या मेंढीच्या रिकोत्त्यात कालवायचे, वर चॉकलेटचे तुकडे, पाकातली फळं, दालचिनी. मी पहिला घास घेतला आणि गव्हाची खीर आठवली. पुढच्या वर्षी मी गावाकडून आणलेले खपली गहू शिजवले. सासूबाईंना ते इतके आवडले की आता आमच्या घरी कुच्चीया खपलीचीच होते. इथल्या गव्हाला कुकरमध्ये घालायचा मोह होईल. घाला, पण शिट्ट्या मोजत बसू नका, दाणा फुटून आतला पांढरा भाग दिसला की झालं.

डिसेंबरातच तीळ आणि मध-साखरेची चिक्की करतात, तिलाही "जुज्जुलेना"च म्हणतात. संक्रांतीला मी तीच वाटते.

## १०. टेबलावर आणि ओट्यावर होणाऱ्या चुका

- कांदा आणि लसूण दोन्ही एकाच पदार्थात घालायची आपली सवय. बहुतेक पदार्थांत एकच असतो. कुठला, ते विचारून घ्या.
- लसूण लाल करू नका. फिकट सोनेरी झाला की काढून टाकायचा.
- पास्ता आधी, मासे किंवा मटण त्यानंतर वेगळ्या ताटलीत. एकाच ताटात सगळं वाढून घेतलं तर यजमानांना वाटतं तुम्हाला घाई आहे.
- आग्रह आपल्यासारखाच. पहिल्यांदा कमी घ्या, दुसऱ्यांदा नाही म्हणता येणार नाही.
- रविवारी जेवायला जाताना हलवायाकडून मिठायांचं खोकं न्या, स्वतः केलेलं नको. निदान पहिल्या वर्षी.
- ताटलीतला रस्सा पावाने पुसून खा. घरात चालतं, सासूबाईंना आनंद होतो.

## ११. ऑगस्टमध्ये स्त्रात्तू

हे शेवटी ठेवलंय कारण त्याला ऊन लागतं आणि चार मोकळे दिवस. स्त्रात्तू म्हणजे उन्हात आटवलेला टोमॅटोचा गर, गडद विटकरी, मऊ मातीसारखा. चमचाभर घातला की रश्शाला बूड येतं. बाटलीतली टोमॅटो पेस्ट याची जागा घेऊ शकत नाही.

पिकलेले, गर जास्त आणि पाणी कमी असलेले टोमॅटो चिरून थोडं मीठ घालून उकळा, पुरणयंत्रातून काढा. गर लाकडी फळ्यांवर पातळ पसरा, वर जाळी धरा. दर तासा-दोन तासाने लाकडी पट्टीने ओढून पुन्हा पसरायचा, आणि सूर्य मावळायच्या आत आत न्यायचा, नाहीतर दव लागतं. जसजसा आटेल तसा कमी कमी फळ्यांवर घ्या. तीन-चार दिवसांत हाताला चिकटेनासा होतो. दहा किलो टोमॅटोचा जेमतेम किलोभर होतो, तेव्हा निदान वीस किलो आणा आणि शेजारच्या बायकांना बोलवा. आमच्याकडे गच्चीवर चार घरं मिळून करतो.

महाराष्ट्रात असाल तर पापड-कुरडयांच्या वाळवणाबरोबर एप्रिलमध्येच करा, ऑगस्टची वाट पाहू नका. लाकडी फळ्या नसतील तर स्टीलची ताटं घेऊ नका, टोमॅटो त्यात तापून करपतो. पोळपाट किंवा लाकडी पाट घ्या. तयार झालेला गर ऑलिव्ह तेलाच्या हाताने मळून, कोरड्या काचेच्या बरणीत हवा राहू न देता दाबून भरा, वर बोटभर तेलाचा थर द्या. दर वेळी कोरडा चमचा, आणि काढून झालं की वर पुन्हा तेल.